कालव्यावरचं बिऱ्हाड

बोट ताब्यात देताना कंपनीच्या माणसाने बाबांना विचारलं, याआधी कधी कालव्यावर गेला आहात का? बाबा म्हणाले, "थर्टी-थ्री इयर्स." त्याने आदराने मान हलवली आणि उरलेली शिकवणी निम्म्या वेळात उरकली. पुढे आमची जी काही फजिती झाली तिचं मूळ या एका उत्तरात आहे.

बाबा खोटं बोलत नव्हते. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांची अख्खी नोकरी नीरा डाव्या कालव्यावर गेली. पाण्याची पाळी सुटली की रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन, आधी सायकलवर आणि नंतर राजदूतवर, कुठे कोणी दारं फोडतंय, कुठे पाट झिरपतोय हे बघत फिरणं, हे त्यांचं काम. कालव्यावर बोट असते ही कल्पनाच त्यांना नव्हती. आमच्याकडे कालव्यावर म्हैस असते, धुणं असतं, फार तर उड्या मारणारी पोरं असतात.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. आमच्या घरापासून दहा मिनिटं चाललं की केनेट नदी लागते, आणि तिथूनच केनेट अँड एव्हन कालव्याचा जलमार्ग सुरू होतो तो पश्चिमेला ब्रिस्टलपर्यंत जातो, ८७ मैल. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा संध्याकाळच्या फिरण्यात बाबांनी तो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "याच्यावर भिजतं काय?" काही भिजत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग हे पाणी आहे कशाला? कोळसा न्यायला होतं, आता लोक मजा म्हणून बोटी चालवतात, असं सांगितलं. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला आले तेव्हा विमानतळावरून घरी येताना गाडीतच म्हणाले, "ती बोट भाड्याने मिळते का?"

मिळते, आणि इथल्या भाड्याच्या बोटीला लायसन्स लागत नाही. अ‍ॅक्टिवा चालवायला परवाना लागतो, पण साठ फूट लांब, काही टन वजनाची लोखंडी बोट तुम्हाला तासाभराच्या शिकवणीवर हातात देतात. मे महिन्याच्या शेवटी सोमवारची सुट्टी जोडून आम्ही चार दिवसांसाठी घेतली: विल्टशरमधल्या हिल्परटनहून निघायचं, बाथ शहराला जायचं आणि परत यायचं. एका बाजूने जेमतेम १२ मैल. रेडिंगच्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं, एवढंच? गाडीने अर्धा तास! बोटीला मुभा ताशी ४ मैलांची. त्यातही काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करायचं, नाहीतर आतल्या माणसाच्या चहाचा कप टेबलावरून खाली येतो आणि तो खिडकीतून डोकं काढून तुम्हाला "स्लो डाउन" म्हणतो. बाथकडच्या या पट्ट्यात बांधलेल्या बोटीच बोटी आहेत. कित्येक जण बारा महिने बोटीवरच राहतात. ज्यांची स्वतःची ठरलेली जागा नाही त्यांना चौदा दिवसांच्या आत मुक्काम हलवावाच लागतो, असा नियम. छतावर सरपण, सायकली, कोथिंबिरीच्या कुंड्या. आई म्हणाली, "आपल्याकडे बिऱ्हाड पाठीवर असतं, यांचं पाण्यावर."

सुकाणू माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याने पहिल्याच पाच मिनिटांत बोट आडवी घातली होती. सुकाणू डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते, हे वाचायला सोपं आहे. हाताला कळायला एक दिवस लागतो. शिवाय बोट गाडीसारखी पुढून वळत नाही. ती मधोमध गरकन फिरते. म्हणजे तुमचं नाक वळणाला लागलं म्हणून तुम्ही खूश होता, तोवर मागची तीस फूट शेपटी दुसऱ्या काठाच्या झुडपात घुसलेली असते. आणि ब्रेक नावाची गोष्ट नाही. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट बघायची. बाबा छतावर हात टेकून कानटोपी घालून उभे (मे महिना, पण त्यांच्या मते हिवाळा) आणि दर दोन मिनिटांनी, "घाई करू नकोस." घाई कोण करणार? काठाने कुत्र्याला फिरवणारी एक म्हातारी आमच्या पुढे निघून गेली होती.

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला पहिलं लॉक लागलं. इथून बाथपर्यंत सगळं सपाट पाणी, नऊ मैल एका पातळीत, त्यामुळे आमच्या प्रवासातलं हे एकुलतं एक लॉक. पण त्याने आम्हाला सगळं शिकवलं. तत्त्व साधं आहे. दोन्ही टोकांना दारं असलेलं दगडी हौदासारखं बांधकाम, आत बोट घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दारातल्या झडपा उघडून पाणी सोडायचं, बोट पाण्याबरोबर खाली जाते, पुढचं दार उघडायचं, चाललात. झडपा उचलायला विंडलास नावाचा लोखंडी हात मिळतो, इंग्रजी एल अक्षरासारखा. कंपनीने आम्हाला दोन दिले होते. बाबांनी एक हातात घेतला, वजन केलं, आणि म्हणाले, "आपल्या गेटच्या हँडलचा धाकटा भाऊ." त्यानंतर तो परत दिला नाही.

खाली उतरताना दोन गोष्टी जपायच्या असतात. एक, मागच्या दाराच्या पायाशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. पाणी उतरलं की तो उघडा पडतो, आणि बोटीची शेपटी त्यावर अडकली तर नाक खाली जाऊन बोट बुडू शकते. म्हणून भिंतीवर खूण असते, तिच्या पुढे राहायचं. ते मी मन लावून केलं. दुसरी गोष्ट, दोर कधीही घट्ट बांधायचा नाही. ते नवऱ्याने मन लावून केलं नाही. पुढचा दोर त्याने काठावरच्या खुंटाला दोन वेढे देऊन पक्का केला आणि हात झटकत बाबांना खूण केली. बाबांनी झडप उचलली. पाणी घुसळत बाहेर पडू लागलं, आम्ही खाली जाऊ लागलो, काळ्या ओल्या भिंती वर चढू लागल्या. छान चाललंय असं वाटत असताना बोटीचं नाक उतरायचं थांबलं. शेपटी उतरतच होती. आतून आईचा आवाज आला, "अगं, पोहे!" आणि मागोमाग कढई घसरल्याचा.

दोर वीणेच्या तारेसारखा ताणला होता. नवरा गाठ सोडायला गेला, पण साठ फुटी बोटीचं वजन ज्या गाठीवर आलंय ती हाताने सुटत नाही. मी नुसतीच ओरडत होते. बाबांनी एका शब्दाचा पुकारा केला, "मोरी बंद!" आणि तो आदेश ज्याला द्यायचा तो पाटकरी हजर नसल्यामुळे स्वतःच दोन्ही झडपांकडे धावले, बहात्तराव्या वर्षी, आणि पाणी थांबवलं. मग वरच्या झडपा थोड्या उघडून पाणी परत आत घेतलं, बोट वर आली, दोर सैल पडला. लॉकच्या काठाला चहाचं दुकान आहे. तिथे बसलेली पंधरावीस माणसं हे सगळं बघत होती. कालव्यावरची गंमत बघत उभ्या राहणाऱ्यांना इथे गाँगूझलर म्हणतात. त्यातला एक लांब दाढीवाला उठून आला, बाबांशी हात मिळवला आणि जाऊन परत बसला.

दुसऱ्या खेपेला दोर सैल सोडून, शांतपणे उतरलो. पण बाबा गप्प होते. मला वाटलं घाबरले. तर ते तोंडातल्या तोंडात गुणाकार करत होते. "चौदा फूट रुंद. पंचाहत्तर लांब. उतार अकरा धरू. सव्वातीन लाख लिटर." थोड्या वेळाने, "एका बोटीला. बत्तीस टँकर."

ज्यांनी जिरायत भागात उन्हाळा काढलाय त्यांना या हिशोबाचं काय करायचं ते सांगायला नको. बाबांच्या नोकरीतली शेवटची वर्षं, कालवा जिथे संपतो त्याच्या पलीकडच्या गावांना टँकर मोजून देण्यात गेली होती. इथे चार माणसं सुट्टीवर आली, त्यांची करमणूक म्हणून बत्तीस टँकर पाणी खालच्या अंगाला सोडलं. त्यांना ते पचेना. हे लॉक रुंद आहे, आमच्या बोटीएवढ्या दोन बोटी त्यात शेजारी-शेजारी मावतात. पाणी तेवढंच लागतं. "मग दुसरी बोट येईपर्यंत थांबायचं ना," ते म्हणाले. इथले जाणते बोटवाले तसंच करतात, हे आम्हाला नंतर कळलं.

लॉकच्या पलीकडे थोड्याच अंतरावर चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार आहे, शाफ्ट्सबरीच्या मठाचं. नुसतं छप्पर बघायला गेलं पाहिजे, दगडी कौलांचं आणि आतून उलट्या तारवासारखं. कुळांनी पिकातला वाटा आणून इथे घालायचा. आई म्हणाली, म्हणजे खळ्यावरून उचलायचे तसं. बाबा म्हणाले, आपल्याकडे निदान सुतार-लोहारालाही मिळायचं. त्यावर त्यांचं दोघांचं अर्धा तास चाललं, मी बोटीकडे गेले.

एव्हनक्लिफला कालवा नदी ओलांडतो. जलसेतू. खाली एव्हन नदी, तिच्यावर दगडी कमानी, आणि कमानींवरून आमची बोट. काटकोनात वळून त्यावर चढायचं असतं आणि ते मला पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. या पुलाची मधली कमान बांधल्यावर लवकरच खचली, ती बाक आजही डोळ्यांना दिसते. जॉन रेनी हा कालव्याचा इंजिनिअर, त्याला विटा वापरायच्या होत्या. कंपनीने बाथचा स्थानिक दगड लादला. बाबांना हे सांगितल्यावर ते फार समाधानाने हसले. दोनशे वर्षांपूर्वी, सात समुद्रापलीकडे, इंजिनिअरचं न ऐकता वरून मटेरियल ठरवलं गेलं, याने त्यांच्या नोकरीतली कुठली तरी जुनी जखम भरली असावी.

एव्हनक्लिफ ते लिंप्ली स्टोक हा पट्टा कालव्याचा सगळ्यात नाजूक. डोंगराच्या कुशीतून काढलेला, खालची जमीन सरकणारी, सारखा झिरपायचा. १८५२ मध्ये रेल्वे कंपनीने कालवा विकत घेतला होता. स्वतःच्या गाड्यांशी स्पर्धा करणारं पाणी त्यांनी कशाला जपायचं? हळूहळू दुरवस्था झाली आणि गेल्या शतकात हा तुकडा कित्येक वर्षं नुसता कोरडा चर होता. पुढे स्वयंसेवकांनी नेट लावला, तळाला प्लास्टिकचा कागद आणि काँक्रीट घातलं, आणि १९९० मध्ये राणीच्या हस्ते पूर्ण कालवा पुन्हा उघडला. मूळ अस्तर होतं कालवलेल्या चिकणमातीचं. ती ओली करून तुडवायची, गुरांचे कळप त्यावरून हाकत. "गाभ्यातली काळी माती," बाबा म्हणाले. मातीच्या धरणाच्या पोटात आपल्याकडे घालतात तीच. त्या पट्ट्यात ते पूर्ण वेळ काठाच्या खालच्या अंगाला बघत उभे होते. झिरपा शोधत होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली.

पंचा इथेच गेला.

आईने धुणं छतावरच्या दांडीला वाळत घातलं होतं, त्यात बाबांचा पंचा. वाऱ्याने तो उडाला कधी, कोणाला कळलं नाही. एकदम इंजिनाचा आवाज जड झाला, धूर आला, बोट पुढे जाईना. पंख्यात काहीतरी अडकलं. यासाठी बोटीच्या मागच्या भागात एक झाकण असतं. इंजिन बंद करायचं, किल्ली काढून खिशात ठेवायची (हे तीनदा सांगितलेलं होतं), इंजिनाशेजारी पालथं पडायचं, झाकण उघडून खांद्यापर्यंत हात कालव्याच्या पाण्यात घालायचा आणि चाचपडायचं. पाणी इतकं गार की पाच मिनिटांनी बोटं कोणाची आहेत ते कळत नाही. हाताला मऊ गुंडाळा लागला. मला क्षणभर नको ते वाटलं. पाव कापायच्या सुरीने चिंधी चिंधी करत पाऊण तास काढत होते, आणि दुसरी की तिसरी चिंधी वर आली तेव्हा तिला लाल काठ होता. वरून सगळे वाकून बघत होते. कोणी बोललं नाही. शेवटी आई म्हणाली, "सोलापूरचा होता. चांगला निघाला." तो चांगला निघाला म्हणूनच पाऊण तास लागला.

शनिवारी दुपारी डंडसच्या जलसेतूवरून गेलो. हा १८०५ मध्ये सुरू झाला, तीन कमानींचा, देवळासारखा देखणा. इथे मला वळण पहिल्या झटक्यात जमलं आणि नेमकं बघायला कोणी नव्हतं. याच ठिकाणी पूर्वी सॉमरसेट कोल कॅनॉल येऊन मिळायचा. त्या कालव्याची पाहणी करणारा विल्यम स्मिथ म्हणून एक सर्व्हेअर होता. खोदकामात खडकांचे थर त्याला पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने दिसले, प्रत्येक थरातले जीवाश्म वेगळे. कंपनीने १७९९ मध्ये त्याला काढून टाकलं. १८१५ मध्ये त्याने इंग्लंड-वेल्सचा भूगर्भीय नकाशा छापला. कालव्यावरच्या माणसाने चर बघता बघता पृथ्वीचं वय मोजायची वाट दाखवली, ही गोष्ट मी बाबांना मुद्दाम राखून ठेवली होती. त्यांनी विचारलं, "पेन्शन मिळाली का?" मिळाली, पण म्हातारपणी, मध्ये कर्जापायी तुरुंगात जाऊन आल्यावर.

पण सहलीतली खरी गोष्ट क्लॅव्हर्टनला होती. बोट बांधून उतारावरून रेल्वेचे रूळ ओलांडून नदीकाठी गेलो. या नऊ मैलांच्या सपाट पाण्याला बाथकडच्या टोकाला लॉकची उतरंड आहे. तिथून जाणारी प्रत्येक बोट यातलं पाणी खाली नेते. ते भरून कसं काढायचं? कालवा वर, नदी खाली, उंचीत ४८ फुटांचा फरक. रेनीने नदीलाच कामाला लावलं. १८१३ मध्ये इथे पंप सुरू झाला. नदीच्या पाण्याने २४ फूट रुंदीचं एक अवाढव्य चाक फिरतं, ते पंपाचे दांडे हलवतं, आणि पंप नदीचंच पाणी उचलून वर कालव्यात टाकतो. कोळसा नाही, तेल नाही. १९५२ मध्ये तो बंद पडला, पुढे स्वयंसेवकांनी आणि बाथ विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो दुरुस्त केला. रोजचं पाणी आता विजेचे पंप उचलतात, पण ठराविक दिवशी चाक फिरवून दाखवतात आणि आमचं नशीब, तो दिवस होता.

चाकाच्या दात्यांमध्ये ओकचं लाकूड बसवलेलं आहे. त्यामुळे आवाज लोखंडाचा नाही, उसाच्या जुन्या चरकासारखा, जड, कुरकुरता. वरून प्रचंड दांडा सावकाश खाली येतो, थांबल्यासारखा वाटतो, आणि जातो. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. मी फोटो काढले, आई स्वयंसेवकांच्या टेबलावरचा केक खाऊन आली, नवरा बाहेर जाऊन आला. बाबा तिथेच. तिथला एक पांढऱ्या केसांचा स्वयंसेवक, हातात तेलाची बुधली, त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. दोघांचं इंग्रजी एकमेकांना फारसं कळत नव्हतं. बाबांनी बोटाने नदी दाखवली, मग चाक, मग वर कालवा. तो म्हणाला, "एक्झॅक्टली." मग त्याने बाबांच्या हातात बुधली दिली आणि कुठे दोन थेंब सोडायचे ते दाखवलं. त्या संध्याकाळी बोटीत जेवताना (पिठलं, भात, आणि रेडिंगहून आणलेली मिरची) बाबा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "नीरेचं पाणी वर उचलायला आपण किती वीज जाळली असेल." एवढंच.

रविवारी बाथ. शहरात बोटीने शिरण्याची मजा म्हणजे तुम्ही बागेतून शिरता. सिडनी गार्डन्स नावाच्या बागेच्या मधून कालवा काढायला मालकांनी तेव्हा कंपनीकडून बक्कळ पैसे घेतलेच, वर दिसायला सुंदर लोखंडी पूल बांधून घेतले, १८०० साल त्यावर ओतलेलं दिसतं. शेजारच्या रस्त्यावर, सिडनी प्लेसला, कादंबरीकार जेन ऑस्टिन राहायची. पुढे एका घराच्या खालून बोगदा जातो. ते घर म्हणजे कालवा कंपनीची कचेरी. बोगद्याच्या छताला एक भोक आहे, त्यातून खालच्या बोटीला कागदपत्रं पोहोचवायचे असं सांगतात. "आमच्या सेक्शन ऑफिसला हे पाहिजे होतं," बाबा म्हणाले.

बोट वरच्या अंगाला बांधून आम्ही चालत निघालो. ग्रेट पुल्टनी स्ट्रीट सरळ, रुंद, दोन्हीकडे मधाच्या रंगाचे दगड. २९ नंबरच्या घरावर विल्यम स्मिथची पाटी आहे, १७९९ मध्ये त्याने खडकांच्या थरांची यादी इथे तोंडी सांगून लिहवून घेतली. बाबांनी पाटीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. बाथमधला त्यांचा एवढा एकच फोटो आहे. रॉयल क्रेसेंटची तीस घरांची ती प्रसिद्ध कमान आम्ही पाहिली, सुंदर आहे, पण पाय दुखत होते. मला तर तिची मागची बाजूच जास्त आवडली. पुढून सगळी घरं एकसारखी आणि मागून ज्याने त्याने आपल्या मर्जीने केलेलं वाकडंतिकडं बांधकाम. आपल्या सोसायटीत बाल्कन्या बंद करतात तसं.

रोमन बाथ्स, म्हणजे गरम झऱ्यावरची रोमन काळातली स्नानगृहं, हे मात्र आईचं ठिकाण निघालं. तिचं माहेर कणकवलीकडचं. लहानपणी राजापूरजवळच्या उन्हाळ्याला, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडावर, तिला आंघोळीला नेत. त्यामुळे ४६ अंशांचं पाणी जमिनीतून वर येतं, रोज दहा लाख लिटरच्या वर, याचं तिला काही वाटलं नाही. "तिथे पाय बुडवता येतात," ती म्हणाली. इथे येत नाहीत. हिरव्या वाफाळत्या पाण्याला हात लावू नका अशा पाट्या आहेत. १९७८ मध्ये या पाण्यातल्या अमिबाच्या संसर्गाने एक मुलगी दगावली, तेव्हापासून इथे उतरणं बंद. बाजूला नवीन स्पा आहे, शुद्ध केलेल्या पाण्याचा, पण पोहण्याचे कपडे घालावे लागतील म्हटल्यावर आईने विषय मिटवला.

मग ती शिशाच्या पत्र्यांपाशी येऊन थांबली. या झऱ्याची देवता सुलिस. रोमन आले आणि त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडून सुलिस मिनर्व्हा केलं. (आपल्याकडची किती ग्रामदैवतं अशी पार्वतीशी जोडली गेली, मोजा.) झऱ्यात शिशाचे पातळ पत्रे सापडले, सुमारे १३०. लोक त्यावर तक्रार कोरून, गुंडाळी करून देवीच्या पाण्यात टाकायचे. तक्रारी कसल्या? बहुतेक चोरीच्या. स्नानाला उतरलं की कपडे काठावर, आणि परत येऊन बघावं तर झगा गायब. दोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले. त्याचं मागणं, ज्याने नेले त्याची बुद्धी आणि डोळे देवीच्या देवळात जावोत. हातमोज्यांसाठी! आणि चोर कोण माहीत नाही, म्हणून पळवाट राहू नये याची काळजी घेतलेली: पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र.

मी आईला एकेका पत्र्याचा अर्थ वाचून दाखवत होते. तिसऱ्या-चौथ्या पत्र्याला ती हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

ज्यांनी कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलंय त्यांना कळेल. देवळासमोर गुरव उभा राहतो, बा देवा म्हाराजा म्हणून सुरू करतो, कोणी काय वाकडं केलं असेल, कळत केलं असेल, नकळत केलं असेल, सगळ्या शक्यता एकामागून एक देवापुढे मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक म्हणतात, व्हय म्हाराजा. आईला लॅटिन येत नाही, पण हा ठेका तिच्या कानात होता. पुढचे सगळे पत्रे आम्ही तसेच वाचले, मी गाऱ्हाणं घालायची आणि ती व्हय म्हाराजा म्हणायची. शेजारच्या जपानी जोडप्याने ऑडिओ गाइड कानावरून काढून आमच्याकडे बघितलं. शेवटच्या पत्र्यापाशी आईने विचारलं, "तुझ्या बाबांच्या पंच्याचं घालायचं का?" पण चोर आपलंच इंजिन.

बाबा तोवर बाहेर जाणाऱ्या पाण्यापाशी होते. कुंडातलं जास्तीचं पाणी रोमनांनी बांधलेल्या गटारातून नदीकडे जातं. दगडांवर लोहाचा नारिंगी थर चढलेला आहे आणि पाणी अजून वाहतंय. कोणी राजवाडे बघतं, आमच्या घरात सांडवा बघतात. निघताना त्या पाण्याचा घोट प्यायला मिळतो. कोमट, आणि चव गंजलेल्या खिळ्याची. आईने पूर्ण घेतला. औषध म्हटलं की ती काहीही घेते.

परतीचे दीड दिवस मी फार लिहीत नाही. पाऊस पडला, तो सगळा सुकाणूवर माझ्या अंगावर पडला. सोमवारी दुपारी ब्रॅडफर्डच्या लॉकशी आलो. आता वर चढायचं होतं. लॉक रिकामं होतं, आमच्यासाठी तयार, दार उघडं. मी बोट आत घालणार तोच बाबांनी काठावरून हात वर केला. थांब. मागे कोणी दिसत नव्हतं. पावसात दहा मिनिटं झाली, वीस झाली. नवऱ्याने घड्याळ दाखवलं. मंगळवारी सकाळी नऊला बोट परत द्यायची होती. बाबा दारावरच्या लांब तुळईला टेकून उभे, कानटोपीतून पाणी निथळतंय, नजर वळणावर. पंचवीस मिनिटांनी वळणातून एक जुनी हिरवी बोट आली, छतावर सरपण रचलेलं. सुकाणूवर रेनकोटातली बाई. तिने विचारलं, आमच्यासाठी थांबलात? बाबांनी दोन बोटं दाखवली, मग एक. "टू बोट, वन वॉटर."

ती हसली नाही. गंभीरपणे मान डोलावली आणि बोट आमच्या शेजारी अशी आणून लावली की दोन्हींच्या मध्ये तळहात मावला नसता. दारं लागली. बाबा एका बाजूला, ती बाई दुसऱ्या बाजूला, दोघांनी एकाच वेळी झडपा उचलल्या, अर्ध्याच, हळू. दोन्ही बोटी वर येऊ लागल्या.

मंगळवारी सकाळी कंपनीचा तोच माणूस कागद घेऊन यादी तपासायला आला. डिझेल, चादरी, किल्ली, लाइफ जॅकेट चार. विंडलास दोन दिले होते, एकच दिसतोय. असे विंडलास लॉकमध्ये पडतातच, तो म्हणाला, त्याचे पैसे कापून घ्यावे लागतील. बाबांनी स्वेटर वर केला आणि कमरेच्या पट्ट्यात मागे खोचलेला दुसरा काढून त्याच्या हातात ठेवला.